तिसऱ्या आठवड्यातला ताप : स्वादुपिंडाच्या गंभीर आजारात पोटात होणारा जंतुसंसर्ग

अ‍ॅक्यूट पँक्रियाटायटिसच्या, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेल्या सुजेच्या, गंभीर रुग्णाच्या घरच्यांना सगळ्यात अवघड जातो तो बहुतेक वेळा तिसरा आठवडा. पहिल्या आठवड्यात काय चाललंय ते समोर दिसत असतं. असह्य पोटदुखी, उलट्या, आयसीयू, ऑक्सिजन, कमी झालेली लघवी. मग हळूहळू श्वास सुधारतो, लघवी नीट व्हायला लागते, रुग्ण चार शब्द बोलतो, वॉर्डात हलवायच्या गोष्टी सुरू होतात. आणि नेमका तेव्हा पुन्हा ताप चढतो. नाडी जलद होते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात, सीटी स्कॅन होतो आणि डॉक्टर सांगतात, ‘आत इन्फेक्शन झालंय.’ घरचे साहजिकच म्हणतात, ‘मग ऑपरेशन करून सगळी घाण काढून टाका ना!’ त्यावर उत्तर येतं, ‘शक्य आहे तोवर थांबायचंय.’

हे ऐकून अनेकांच्या मनात येतं की पेशंटकडे दुर्लक्ष होतंय, नाहीतर डॉक्टरांनी हात टेकलेत. खरं तर या थांबण्यामागे शस्त्रक्रियेच्या जगाला फार महागात पडलेला अनुभव आहे. तो समजून घ्यायचा तर आधी पोटात काय घडतं ते पाहावं लागेल.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण १२ ते १५ सेंटिमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आतबाहेर. एवढीशी ग्रंथी दिवसाला एक लिटरहून जास्त पाचकरस तयार करते. त्यातली प्रथिनं पचवणारी द्रव्यं ग्रंथीच्या आत निष्क्रिय असतात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचल्यावरच कामाला लागतात. पित्तखडा स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाशी अडकला, दारूचा अतिरेक झाला किंवा रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे चरबी, डेसिलिटरमागे १००० मिलिग्रॅमच्या वर गेली, की हा क्रम बिघडतो. द्रव्यं ग्रंथीच्या आतच जागी होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. हान्स कियारी या ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये ही कल्पना मांडली आणि या आजाराकडे पाहण्याची दृष्टी आजही तीच आहे.

दहातल्या आठ रुग्णांमध्ये प्रकरण सुजेवरच थांबतं. सलाइन, वेदनाशामक औषधं, थोडी विश्रांती, आणि आठवड्याभरात माणूस घरी. हा लेख उरलेल्यांबद्दल आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांमध्ये सूज इतकी वाढते की स्वादुपिंडाच्या काही भागाचा रक्तपुरवठाच तुटतो आणि तो भाग मरतो. त्याला नेक्रोसिस म्हणतात. मरतं ते फक्त स्वादुपिंड नसतं. त्याच्या भोवतीची, मूत्रपिंडाच्या पुढे आणि मोठ्या आतड्याच्या मागे पसरलेली चरबीही गळून पडते. काही रुग्णांमध्ये स्वादुपिंड जवळपास शाबूत आणि चरबी मात्र खालपर्यंत मेलेली, असंही दिसतं. आजाराची गंभीरता ठरवण्याचे जे निकष जगभर वापरले जातात, ते १९९२ मध्ये अटलांटा इथे ठरले आणि २०१२ मध्ये सुधारले गेले. त्यांच्यानुसार फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण यांपैकी काहीही ४८ तासांहून जास्त काळ निकामी राहिलं, तरच आजार ‘गंभीर’ धरला जातो.

मेलेल्या ऊतीत सुरुवातीला एकही जंतू नसतो. हा मुद्दा पक्का लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिला ताप जंतूंचा नसतो

आजाराच्या पहिल्या दिवसापासून ताप असू शकतो. नाडी ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० हून जास्त, पांढऱ्या पेशी १२,००० च्या पुढे. ही सगळी चिन्हं जंतुसंसर्गाचीच वाटतात, आणि घरचे विचारतात की अँटिबायोटिक का दिलं नाही. पण शरीराला जंतूंची चाहूल लागली काय किंवा स्वतःची ऊती जळताना दिसली काय, त्याचा प्रतिसाद सारखाच असतो. स्वादुपिंड पचायला लागलं की त्यातून सुटलेली रसायनं रक्तात मिसळतात, रोगप्रतिकारक यंत्रणा अंगभर खवळते, रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. फुप्फुसात पाणी भरतं, मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत जे मृत्यू होतात ते बहुतेक या खवळण्यामुळे होतात. त्यांत जंतूंचा वाटा कमी असतो.

मृत्यूंची दुसरी लाट साधारण दुसऱ्या आठवड्यानंतर येते आणि ती जंतूंची असते. इतकं खवळून झाल्यावर प्रतिकारशक्ती थकते. मधला एक काळ असा येतो की शरीर जंतूंपुढे हतबल असतं, आणि नेमक्या त्याच काळात पोटात मेलेल्या ऊतीचा मोठा साठा पडून असतो. उबदार, ओलसर, प्रथिनांनी भरलेला, आणि रक्तपुरवठा नसल्यामुळे पांढऱ्या पेशींना पोचायला मार्ग नाही. नेक्रोसिस झालेल्या रुग्णांपैकी साधारण तिघांत एकाच्या बाबतीत या साठ्यात जंतू शिरतात. बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. असा संसर्ग झाल्यावर मृत्यूचं प्रमाण अनेक पाहण्यांत २० ते ३० टक्क्यांच्या घरात राहिलेलं आहे. संसर्ग आणि निकामी अवयव, दोन्ही एकत्र आले तर धोका आणखी वाढतो.

जंतू येतात कुठून?

पोटावर जखम नाही, टाका नाही, मग जंतू आत शिरले कसे? घरच्यांना पहिली शंका येते ती हॉस्पिटलच्या स्वच्छतेची. काही वेळा नळ्यांमधून किंवा सुयांमधून जंतू जातात, हे खरं. पण साठ्यातल्या पुवाची तपासणी केली की बहुतेक वेळा सापडतात ते ई. कोलाय, क्लेब्सिएला, एन्टरोकॉकस. हे आपल्या स्वतःच्या आतड्यातले रहिवासी.

आतड्याचं अस्तर पेशींच्या एका थराचं असतं. जंतूंनी भरलेली पोकळी एका बाजूला आणि रक्त दुसऱ्या बाजूला, मध्ये फक्त हा थर. तो दर तीन ते पाच दिवसांनी नवा होतो, म्हणून त्याला सतत रक्त लागतं आणि सतत अन्न लागतं. त्याचं बरंचसं पोषण आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच थेट होतं. गंभीर पँक्रियाटायटिसमध्ये या दोन्ही गोष्टी एकदम तुटतात. रक्तदाब उतरला की शरीर मेंदू आणि हृदय सांभाळतं, आतड्याकडे जाणारं रक्त आवरून घेतं. पोट दुखतंय म्हणून खाणं बंद. शेजारच्या सुजेमुळे आतड्याची हालचाल मंदावते, आत साचून राहिलेले जंतू वाढत जातात. अस्तर पातळ होतं, पेशींमधले सांधे सैल होतात. मग जंतू लसीकावाहिन्यांतून, रक्तातून किंवा थेट शेजारच्या साठ्यात झिरपतात. मोठ्या आतड्याचा आडवा भाग तर स्वादुपिंडाच्या अगदी लगत असतो. त्या बाजूची चरबी मेली असेल तर जंतूंना लांब जावंच लागत नाही.

पुढे, बरीच अँटिबायोटिक्स देऊन झाल्यावर, दुसरी मंडळी दिसायला लागतात. औषधांना दाद न देणारे जंतू, आणि कँडिडा ही बुरशी. बुरशी सापडली की उपचार लांबतात आणि रुग्णाची प्रकृतीही आधीच खालावलेली असते.

हेही सांगायला हवं की ताप आला म्हणजे साठ्यातच संसर्ग झाला, असं नसतं. न्यूमोनिया, लघवीच्या नळीचा संसर्ग, मानेतल्या मोठ्या सलाइनच्या नळीतून रक्तात गेलेले जंतू, हे सगळे याच रुग्णांमध्ये घडतात आणि अनेकदा साठ्यातल्या संसर्गाच्या आधी घडतात. पोटातसुद्धा इतर जागा आहेत. पित्तनळीत खडा अडकून राहिला असेल तर वरचं पित्त नासतं. थंडी वाजून ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणं, असं एकत्र आलं तर नळीत दुर्बीण घालून तो अडथळा २४ तासांच्या आत मोकळा करावा लागतो. तिथे थांबायचं नसतं. मोठ्या आतड्याला भोक पडणं, पित्ताशयाला खडा नसतानाही सूज येणं, हेही होतं. म्हणून जाणता डॉक्टर ताप दिसताच नुसतं अँटिबायोटिक बदलत नाही. आधी छातीचा फोटो, लघवी, रक्ताचं कल्चर, नळ्या बसवल्याच्या तारखा, हे सगळं तपासतो.

साठ्यातला संसर्ग ओळखायचा कसा?

सीटी स्कॅनवर मेलेला भाग काळपट करडा दिसतो. रक्तवाहिनीतून रंगद्रव्य दिलं की जिवंत ऊती उजळते आणि मेलेली तशीच निस्तेज राहते. त्या करड्या पट्ट्यात कधी कधी बारीक काळे ठिपके दिसतात, एकमेकांना चिकटलेले, बुडबुड्यांसारखे. ती हवा असते. मेलेल्या ऊतीत हवा आली म्हणजे एक तर तिथे जंतूंनी वायू तयार केला, नाहीतर आतड्याला वाट फुटली. हे ठिपके दिसले की संसर्गाबद्दल फारशी शंका उरत नाही. पण संसर्ग झालेल्या सगळ्यांमध्ये ते दिसत नाहीत, बऱ्याच जणांमध्ये दिसतच नाहीत.

पूर्वी अशा वेळी बारीक सुई घालून थेंबभर द्रव काढून तपासायची पद्धत होती. ती आता नेहमी वापरली जात नाही. सुई चुकीच्या कोपऱ्यात गेली तर संसर्ग असूनही अहवाल कोरा येतो, आणि अहवाल कसाही आला तरी बहुतेक वेळा पुढचा निर्णय रुग्णाच्या प्रकृतीवरच घेतला जातो. त्यामुळे बुरशीची शंका असेल किंवा औषधं देऊनही काही हलत नसेल, तेव्हाच ती सुई वापरतात.

रक्ताच्या तपासण्यांत सीआरपी हे सूज किती आहे ते सांगतं. ती जंतूंची की जळणाऱ्या ऊतीची, हे सांगत नाही. प्रोकॅल्सिटोनिन त्या मानाने जंतूंकडे जास्त बोट दाखवतं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रोकॅल्सिटोनिन पाहून अँटिबायोटिक सुरू-बंद करायचं ठरवलं, तेव्हा औषधांचा वापर घटला आणि रुग्णांना त्यामुळे अपाय झाला नाही. माझ्या मते या आजारातल्या गेल्या काही वर्षांतल्या सर्वांत उपयोगी कामांपैकी हे एक आहे, कारण इथे अनावश्यक अँटिबायोटिकची किंमत त्याच रुग्णाला तीन आठवड्यांनी चुकवावी लागते.

आधीच अँटिबायोटिक दिलं तर?

प्रश्न रास्त आहे. संसर्ग होणार हे माहीत आहे, तो कुठे होणार हेही माहीत आहे, मग पहिल्याच दिवशी औषध सुरू करून त्याला अटकाव का करू नये? १९९० च्या दशकात नेमकं हेच केलं गेलं आणि सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांनी आशाही दाखवली. पण पुढे रुग्णाला किंवा डॉक्टरला कोणतं औषध चाललंय हे कळू न देता चाचण्या झाल्या, २००४ मध्ये एक आणि २००७ मध्ये दुसरी, आणि दोन्हींत साठ्याचा संसर्ग टळला नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत. आज जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की संसर्गाचा पुरावा किंवा पक्की शंका नसताना केवळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक देऊ नये.

दुसरा प्रयोग फार दुःखद ठरला. आतड्यातले जंतूच बाहेर पडतात ना, मग चांगले जंतू देऊन वाईट जंतूंना हटवू, असा विचार होता. प्रोबायोटिक म्हणजे तर निरुपद्रवी गोष्ट, असं सगळ्यांनाच वाटायचं. नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. प्रोबायोटिक दिलेल्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, न दिलेल्या गटात ६ टक्के. काही जणांचं आतडं रक्ताअभावी काळं पडलं होतं, आणि ते सगळे प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी होते. तेव्हापासून गंभीर पँक्रियाटायटिसमध्ये प्रोबायोटिक टाळतात. घरच्या कुणी भेटायला येताना ‘पोटासाठी चांगलं’ म्हणून अशी पाकिटं आणली, तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

खरा फरक पडला तो खाण्याने. स्वादुपिंडाला आराम द्यायचा म्हणून पूर्वी रुग्णाला आठवडेच्या आठवडे उपाशी ठेवत आणि पोषण शिरेतून देत. त्याने स्वादुपिंडाला किती आराम मिळाला कोण जाणे, आतड्याचं अस्तर मात्र उपासाने झिजलं. शिरेतून पोषण दिलेल्यांपेक्षा आतड्यातून पोषण दिलेल्यांमध्ये संसर्ग आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, हे पुष्कळ चाचण्यांतून दिसलं आहे. रुग्णाला भूक असेल, उलटी होत नसेल, तर तोंडानेच सुरुवात करतात. तीन-चार दिवसांत ते जमलं नाही तर नाकातून जठरात किंवा लहान आतड्यात बारीक नळी घालून पातळ अन्न सोडतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत पहिल्या २४ तासांत घाईने नळी घालण्याचा जास्तीचा फायदा दिसला नाही. तेव्हा नळी आली म्हणून घाबरू नये, आणि दोन दिवस नळी घातली नाही म्हणून आरडाओरडाही करू नये. नळीतून ताशी थोडं थोडं जाणारं ते दुधाळ द्रव रुग्णाची भूक भागवतं, पण त्याहून मोठं काम करतं ते आतड्याचं अस्तर जिवंत ठेवायचं.

थांबणं म्हणजे काय

आता मूळ प्रश्न. संसर्ग झालाय, पू झालाय, तरी थांबायचं का?

कच्चं गळू फोडू नये, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. पोटातल्या या साठ्याचंही तसंच आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मेलेली आणि जिवंत ऊती एकमेकींत मिसळलेली असते. ओढून काढायला गेलं तर जिवंत ऊतीतून, रक्तवाहिन्यांतून रक्त वाहायला लागतं. मेलेला भाग चिवट असतो, हाताला लागतो पण सुटून येत नाही. साधारण चार आठवड्यांत शरीर त्या साठ्याभोवती दाट तंतूंची भिंत बांधतं, आतला भाग मऊ पडतो, थोडा विरघळतो, जिवंत ऊतीपासून वेगळा होतो. आता तो काढायला घेतला तर सुटून येतो.

हे कळायला माणसं गमवावी लागली. मेक्सिकोतली एक चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात काही रुग्णांवर पहिल्या ४८ ते ७२ तासांत शस्त्रक्रिया केली आणि काहींवर किमान १२ दिवस थांबून. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण गेले, थांबलेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

पण थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. संसर्ग झाला की अँटिबायोटिक सुरू होतं, आणि असं औषध निवडतात की जे मेलेल्या भागात निदान काही प्रमाणात पोचेल. कार्बापेनेम गटातली औषधं, पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम, क्विनोलोन आणि मेट्रोनिडाझोल यांची जोडी, असे पर्याय असतात. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधं तिथे नीट पोचत नाहीत. सोबत पोषण, श्वास, लघवी, साखर, सगळ्यावर रोज नजर.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली डच चाचणी इथे फार महत्त्वाची. संसर्ग झालेल्या १०४ रुग्णांपैकी अर्ध्यांमध्ये लगेच नळी घालून पू काढला. उरलेल्यांमध्ये भिंत तयार होईपर्यंत अँटिबायोटिकवर थांबायचं ठरवलं. गुंतागुंत दोन्ही गटांत सारखीच राहिली. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के रुग्णांना तर शेवटपर्यंत नळी लागलीच नाही, नुसत्या अँटिबायोटिकवर ते बरे झाले. दहातल्या जवळपास चौघांची सुई, नळी, दुर्बीण सगळं टळलं. रुग्णाच्या घरच्यांना मी एकच आकडा सांगायचा ठरवला तर हा सांगेन.

अर्थात थांबता येत नाही अशाही वेळा असतात. अँटिबायोटिक असूनही रक्तदाब घसरत चालला, नवा अवयव निकामी झाला, आतड्याला भोक पडलं, आतल्या धमनीतून रक्त वाहायला लागलं, तर चार आठवड्यांचा हिशोब बाजूला ठेवावा लागतो. पोटातला दाब हाही एक शत्रू. सुजेने आणि द्रवाने पोट टणक फुगलं आणि आतला दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या वर राहून अवयव निकामी व्हायला लागले, तर तो दाब तातडीने उतरवावा लागतो. लघवीच्या नळीतूनच हा दाब मोजता येतो.

नळी, मग दुर्बीण, मग गरज पडली तरच आणखी काही

भिंत तयार झाल्यावरही पहिलं पाऊल पोट उघडण्याचं नसतं. पूर्वी असायचं. पोट आडवं उघडायचं, हाताने मेलेला भाग काढायचा, मोठ्या नळ्या टाकून धूत राहायचं. २०१० मध्ये ८८ रुग्णांवरच्या डच चाचणीने ही रीत बदलली. एका गटात सरळ पोट उघडलं. दुसऱ्या गटात आधी नळी घातली आणि सुधारणा झाली नाही तरच छोट्या छेदातून आत जाऊन मेलेला भाग काढला. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू पहिल्या गटात ६९ टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. मृत्यू वेगळे मोजले तर दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण टप्प्याटप्प्याने गेलेल्या रुग्णांमध्ये नव्याने मधुमेह आणि टाक्यांच्या जागी हर्निया होण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. आणि त्यांच्यातल्या ३५ टक्के लोकांचं काम नुसत्या नळीवर भागलं.

नळी घालण्याच्या दोन वाटा आहेत. एक बाहेरून, बहुतेक डाव्या कुशीतून, सीटी किंवा सोनोग्राफीत पाहत. दुसरी आतून. तोंडातून दुर्बीण जठरात नेतात, जठराच्या मागच्या भिंतीला टेकलेला साठा सोनोग्राफीने पाहतात आणि जठरातूनच त्याला वाट करून तिथे रुंद स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, बसवतात. पू जठरात उतरतो. गरज पडली तर दुर्बीण त्या वाटेने साठ्याच्या आत नेऊन मेलेले तुकडे एकेक करून ओढून काढतात. करडे, पिवळट, काही ठिकाणी काळे, ओल्या कापसासारखे लोंबणारे तुकडे. एका बैठकीत हे काम होत नाही. दोन-दोन तासांच्या तीन-चार बैठकाही लागू शकतात. या वाटेने गेल्यास त्वचेतून स्वादुपिंडाचा रस झिरपत राहण्याचा त्रास कमी होतो आणि हॉस्पिटलातला मुक्काम घटतो, असं २०१८ च्या चाचणीत दिसलं. जीव वाचण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही वाटा सारख्याच ठरल्या. साठा कुठे आहे आणि त्या ठिकाणी कोणाचा हात बसलेला आहे, यावर वाट ठरते. जठराला टेकलेल्या साठ्याला आतली वाट सोपी. ओटीपोटाकडे ओघळलेल्याला कुशीतली.

कुशीतली नळी आली की घरच्यांचं सगळं लक्ष त्या पिशवीकडे लागतं, आणि ते योग्यच आहे. आत जाड तुकडे असल्यामुळे नळी सहज तुंबते. म्हणून दिवसातून काही वेळा सलाइनने ती धुवावी लागते. पिशवीत येणारं अचानक थांबलं, आणि त्याच संध्याकाळी ताप चढला, तर साठा रिकामा झाला असं समजू नये. नळी तुंबली असण्याची शक्यता जास्त. द्रव हळूहळू पातळ आणि स्वच्छ होत गेला पण थांबतच नाही, तर त्यातलं अमायलेज हे स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य तपासतात. ते खूप जास्त आलं तर स्वादुपिंडाची मुख्य नळी फुटून तिचा रस येतोय असा अर्थ. आणि पिशवीत लाल रक्त दिसलं, अगदी थोडं आणि आपोआप थांबलेलं असलं, तरी लगेच सांगायचं. पाचकरसाने शेजारच्या धमनीची भिंत कुरतडलेली असते, तिला फुगा येतो, आणि तो पूर्ण फुटायच्या आधी अनेकदा असं थोडं रक्त दाखवून जातो. त्या वेळी तातडीने सीटी करून मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक तार नेऊन ती धमनी आतून बंद करता येते. तो इशारा निसटला तर मग धावपळीला वेळही मिळत नाही.

घरच्यांनी डॉक्टरांना काय विचारावं? ‘ऑपरेशन कधी?’ हा प्रश्न बाजूला ठेवून मी हे विचारेन. आज आजाराचा कितवा दिवस? साठ्याला भिंत झाली आहे का? आत जंतू आहेत याचा पुरावा काय, की फक्त शंका आहे? अँटिबायोटिक कशावरून निवडलं आणि कधी थांबवणार? खाणं कोणत्या वाटेने आणि रोज किती जातंय? इथे दुर्बिणीतून साठा साफ करणारी आणि धमनी आतून बंद करणारी, दोन्ही प्रकारची माणसं आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर रुग्ण स्थिर असतानाच, रात्री रक्तस्राव सुरू होण्याची वाट न पाहता, मोठ्या केंद्रात हलवण्याबद्दल बोलावं. विचारण्यात अविश्वास नाही. हा आजार पोटविकारतज्ज्ञ, सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि आयसीयूतली परिचारिका यांनी मिळून सांभाळायचा आहे, आणि ही सगळी मंडळी एकाच छताखाली असली की फरक पडतो.

घरी गेल्यावरही काही महिने सांभाळावे लागतात. ग्रंथीचा मोठा भाग गेला असेल तर इन्सुलिन कमी पडून मधुमेह सुरू होतो, म्हणून साखर ठरावीक काळाने तपासत राहायची. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं, घाण वासाचं होत असेल आणि खाऊनही वजन उतरत असेल, तर पाचकद्रव्यं कमी पडतायत. त्यांच्या कॅप्सूल मिळतात आणि त्या जेवता जेवताच घ्यायच्या असतात, उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही. जठरात बसवलेला धातूचा रुंद स्टेंट काही आठवड्यांत काढावाच लागतो, कारण साठा आक्रसल्यावर त्याची आतली कड धमनीवर घासू शकते. बरं वाटतंय म्हणून ती तारीख चुकवू नका. दारू कारण असेल तर ती कायमची सुटायला हवी, आणि त्यासाठी मदत घेणं हा उपचाराचाच भाग आहे. पित्तखडे कारण असतील तर पित्ताशय काढावं लागतं. सौम्य आजारात ते त्याच भरतीत काढतात. पण पोटात साठे असताना ते धोक्याचं, म्हणून साठे निवळेपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे, थांबतात. ते आठवडे बघता बघता निघून जातात आणि खडे तिथेच राहतात. तेव्हा पुढच्या भेटीची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय घरी निघू नका.